तीन लाख वीस हजार

आमच्या घरात सात कोटी हा शब्द कधी निघालाच नाही. बाहेरचे लोक विचारायचे, सात कोटी मिळाले तर काय करणार गं, पण मी आणि आप्पा बोलायचो ते फक्त तीन लाख वीस हजारांचं. म्हणजे टीव्हीवरच्या ‘कौन बनेगा करोडपती’च्या, केबीसीच्या दहाव्या प्रश्नाचं. २०१९ चा अकरावा सीझन होता तो, पहिला प्रश्न एक हजाराचा, पाचवा दहा हजारांचा आणि तिथे पहिला पडाव, मग वीस, चाळीस, ऐंशी, एक लाख साठ आणि दहावा तीन लाख वीस हजारांचा, हा दुसरा पडाव. तिथे एकदा पोचलात की पुढे चुकलात तरी तेवढे पैसे तुमचेच. पण सहा ते दहाच्या मधे कुठेही चुकलात की थेट दहा हजारांवर. टीव्हीवर बघताना हे सगळ्यांनाच माहीत असतं, पण घराला खरंच पैसे लागणार असतात ना, तेव्हा हा मधला टप्पा रात्री झोपू देत नाही.

मी सांगली जिल्ह्यात पलूसला पतसंस्थेत क्लार्क आहे. माहेर भिलवडी, कृष्णेच्या काठावर. आप्पा एसटीत कंडक्टर होते, २०१० ला रिटायर झाले. केबीसीचं वेड त्यांचं, माझं नंतर. ३ जुलै २००० ला कार्यक्रम सुरू झाला तेव्हा आप्पा वस्तीच्या गाडीवर असायचे, गाडी मुक्कामाला ज्या गावात जायची तिथे ज्याच्या घरी टीव्ही असेल त्याच्या ओट्यावर बसून बघायचे आणि सकाळी घरी आले की आम्हाला सगळे प्रश्न विचारायचे. त्याच वर्षी हर्षवर्धन नवाथे पहिला करोडपती झाला, मुंबईचा, यूपीएससीचा अभ्यास करणारा मराठी मुलगा, त्याचं आप्पांना किती कौतुक वाटलं होतं. त्या दिवसापासून त्यांनी वह्या सुरू केल्या. दोनशे पानी वह्या, नद्या वेगळ्या, लढाया वेगळ्या, पुरस्कार वेगळे, पेपरमधलं काही नवीन दिसलं की तारीख टाकून लिहायचं. २०१९ पर्यंत अशा बारा वह्या झाल्या होत्या.

स्वतः का नाही गेले असं मी त्यांना खूपदा विचारलं. ते म्हणायचे, माझं शिक्षण सातवी, कॅमेऱ्यापुढं बोलायला जमायचं न्हाई, तू जा.

त्या वर्षी मे महिन्यात रजिस्ट्रेशन होतं. रोज रात्री नऊ वाजता टीव्हीवर एक प्रश्न यायचा, उत्तर दुसऱ्या रात्रीपर्यंत एसएमएसने नाहीतर ॲपवरून पाठवायचं. प्रश्न सोपे असतात, त्यामुळे बरोबर उत्तर देणारे लाखो, त्यातून कंप्युटर नावं काढणार, म्हणजे इथे हुशारीचा तसा काही संबंध नाही, नशीब लागतं. मी त्याआधीही काही सीझन पाठवत होते, कधी फोन आला नव्हता. त्या वर्षी आला. दुपारची वेळ, काउंटरवर गर्दी, आरडीचे पैसे भरायला बायका रांगेत उभ्या, आणि फोनमधे रेकॉर्ड केलेला आवाज प्रश्न विचारतोय आणि आकडा दाबून उत्तर द्या म्हणतोय. मी रांगेतल्या बायकांना हात करून थांबवलं आणि मागच्या खोलीत गेले. दोन आठवड्यांनी माणसाचा फोन आला, मुंबईला ऑडिशनला या.

ऑडिशनला आपल्या खर्चाने जायचं असतं. मी आणि हे रात्रीच्या एसटीने गेलो. तिथे जे बघितलं त्याने मला पहिल्यांदा ह्या गोष्टीचा आवाका कळला. शेकडो माणसं. पोलीस, शिक्षक, एमपीएससीची पोरं, बाळाला कडेवर घेतलेली एक बाई, सगळ्यांच्या हातात जाडजूड पुस्तकं नाहीतर मोबाईलमधे चालू घडामोडी. आधी लेखी परीक्षा, वीसेक प्रश्न, वेळ अगदी थोडा. तिथेच निम्म्याहून जास्त लोक घरी गेले. जे राहिले त्यांची कॅमेऱ्यासमोर मुलाखत. मुलाखतीत जनरल नॉलेज जवळजवळ नाहीच, तुम्ही कोण, घरी कोण कोण, आयुष्यात काय घडलं, आणि शेवटी तो प्रश्न, जिंकलात तर पैशांचं काय कराल. मी म्हटलं मुलीच्या शिक्षणाला ठेवीन. खरं होतं, पण खरं सांगायचं तर तेव्हा मला पैशांची निकड नव्हती, मला आप्पांच्या वह्यांसाठी जायचं होतं, आणि ते काय मला नीट सांगता आलं नाही.

मग ऑगस्ट आला.

सांगली कोल्हापूरकडच्या लोकांना त्या महापुराचं मी वेगळं काय सांगणार. सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं. ब्रह्मनाळला ८ तारखेला बोट उलटली, ते गाव आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, त्यातली माणसं ओळखीपाळखीतली, त्याबद्दल मला अजून लिहिता येत नाही. आई आप्पांना आम्ही आदल्याच दिवशी पलूसला आणलं होतं. पाणी उतरल्यावर घरी गेलो तर दारातच गुडघाभर चिखल, फ्रिज उताणा पडलेला, एका बाजूची भिंत फुगून बाहेर आलेली, आणि माळ्याच्या खाली चार बोटांवर पाण्याची रेघ. वह्या माळ्यावर होत्या तरी दमट होऊन पानं एकमेकांना चिकटली होती, वर छपरातूनही गळलं होतं. आप्पांनी घरातलं दुसरं काही बघितलं नाही. वह्या गच्चीवर नेल्या, एक एक पान सुटं करून दगडाखाली ठेवलं. जी शाई राहिली ती राहिली.

शासनाचं सानुग्रह अनुदान ग्रामीण भागात दहा हजार होतं. पाच हजार हातात, बाकीचे खात्यावर. ते मिळालं त्या दिवशी आप्पा म्हणाले, पहिला पडाव झाला. मग बराच वेळ कोणी काही बोललं नाही. गवंड्याने भिंत, फरशी, दारं, वायरिंग सगळं धरून अंदाज दिला, तीन लाखांच्या थोडा पुढे. म्हणजे दुसरा पडाव.

म्हणून तीन लाख वीस हजार.

सप्टेंबरच्या शेवटी फोन आला, तुमची निवड झाली, शूटिंगला या, सोबत एक माणूस. त्याच्या थोडे दिवस आधी बबिता ताडेंचा भाग लागून गेला होता. अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीच्या, शाळेत मुलांना खिचडी शिजवून देणाऱ्या, महिना दीड हजार रुपये मिळवणाऱ्या बाई, आणि एक कोटी जिंकल्या. तो भाग आम्ही आठ-दहा जणांनी एकत्र बघितला. त्यानंतर माझ्याकडे बघायची लोकांची नजरच बदलली. दुकानदार उधारीचं नाव काढेना, लांबच्या एका नातेवाईकांनी घर बांधायला काढलं आणि मला तसं सांगूनही गेले. त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण मी अजून मुंबईची गाडीसुद्धा धरली नव्हती आणि माझे पैसे वाटून झाले होते, त्याचा जो भार येतो तो अभ्यासापेक्षा मोठा असतो, कुणी जाणार असेल तर आधीच सांगते, शक्यतो कुणाला सांगू नका.

मी पतसंस्थेतली, त्यामुळे हिशोब आधी केला. अशा बक्षिसावर सरळ तीस टक्के कर, त्यावर चार टक्के सेस, म्हणजे ३१.२ टक्के. इथे तेव्हाची अडीच लाखांची सूट चालत नव्हती, बचतीवरची ८०सीची वजावट चालत नव्हती, पगार कितीही कमी असो. तीन लाख वीस हजारांवर ९९,८४० रुपये जाणार, हातात २,२०,१६०. आप्पांना कागदावर दाखवलं तर ते गप्प झाले, मग म्हणाले दारं पुढच्या साली करू. आणि गंमत बघा, दहा हजारांपर्यंत टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच घ्यायचा कर, कापत नाहीत, त्याच्या वर गेलं की कापतात. म्हणजे जो खाली येतो त्याच्या हातात दहा हजार पूर्ण येतात.

आता तयारीचं. लोकांना वाटतं केबीसी म्हणजे खूप वाचायचं. वाचायचं असतंच, पण हॉटसीटवर, म्हणजे बच्चनसाहेबांसमोरच्या खुर्चीत, जायचं दार म्हणजे फास्टेस्ट फिंगर. त्या सीझनला दहा जण बसलेले, एक प्रश्न, चार पर्याय, ते क्रमाने लावायचे, जो सगळ्यात कमी वेळात बरोबर लावेल तो एकटा आत. बाकीचे नऊ बसून राहणार. म्हणजे तुमच्या डोक्यात बारा वह्या असू देत, चार सेकंदांत बोट चाललं नाही तर त्या तशाच परत घरी. आणि हे चार सेकंद कसे कमवायचे ते मला आप्पांनी शिकवलं. मशीन यायच्या आधी कंडक्टरकडे तिकिटांची पत्र्याची पेटी असायची, त्यात वेगवेगळ्या किमतीच्या तिकिटांचे गठ्ठे ओळीने लावलेले, आणि गच्च भरलेल्या गाडीत एक हात वरच्या दांडीला धरून दुसऱ्या हाताने न बघता सात रुपये साठ पैशांची तिकिटं काढायची. आप्पा म्हणायचे, डोळ्यानं शोधायचं न्हाई, बोटाला जागा ठावी पायजे.

त्यांनी लाकडी पाटावर खडूने ए बी सी डी ची घरं काढली. जुन्या लग्नपत्रिका कापून मागच्या कोऱ्या बाजूला प्रश्न लिहिले. तराईन, पहिलं पानिपत, हळदीघाटी, प्लासी. तापी, गोदावरी, कृष्णा, कावेरी उत्तरेकडून दक्षिणेकडे. बुध, पृथ्वी, गुरू, नेपच्यून. रोज रात्री स्वयंपाक उरकला की दीड तास. आप्पा मोबाईलवर वेळ लावायचे, माझी मुलगी प्रश्न वाचायची. पहिल्या आठवड्यात मला अकरा-बारा सेकंद लागत होते, महिन्याभरात चारच्या आत आले. युक्ती अशी की चारही शोधत बसायचं नाही, पहिला आणि शेवटचा कुठला ते आधी पकडायचं, मधल्या दोनांचं मग एकच ठरवायचं राहतं.

दुसरं ठरवलं ते थांबायचं कुठे. माझ्या मते हेच सगळ्यात महत्त्वाचं आणि हे घरी बसून ठरवायचं असतं, तिथे दिव्यांत नाही. तेव्हा पहिल्या पाच प्रश्नांना ४५ सेकंद होते, पुढच्या पाचांना ६०, अकराव्यापासून घड्याळ नव्हतं. म्हणजे सगळ्यात धोक्याचा दहावा प्रश्न नेमका घड्याळावर. आमचं ठरलं, दहाव्यासाठी एक लाईफलाईन, म्हणजे अडल्यावर मिळणारी मदत, राखून ठेवायची, आणि तरी खात्री नसेल तर एक लाख साठ हजार घेऊन उठायचं. आप्पांनी मला शपथ घ्यायला लावली. एक लाख साठात भिंत तरी होईल म्हणाले.

मधे घरी शूटिंगची टीम येऊन गेली, स्पर्धकाची ओळख दाखवतात ना त्यासाठी. चांगली पोरं होती, आईच्या हातचं पिठलं भाकरी खाऊन गेली. त्यांना भिंतीवरची पाण्याची रेघ दाखवायची होती, आप्पा तिच्यासमोर उभे आहेत असं. आप्पा नको म्हणाले. मागायला चाललोय असं दिसंल, आपण खेळायला चाललोय. त्या पोरांनीही मग आग्रह धरला नाही. मला त्या वेळी वाटलं की दाखवू द्यावं, त्यात लाज कसली, अख्खं गाव पाण्यात होतं. आज मला आप्पांचंच पटतं.

महालक्ष्मी एक्सप्रेसने गेलो, तिकीट आणि हॉटेल त्यांच्याकडून होतं. ह्या वेळी सोबत आप्पा. पहिला दिवस सगळा कागदपत्रांचा, आधार, पॅन, बँकेचं पासबुक, करारावर सह्या, भाग टीव्हीवर लागेपर्यंत कुठे काही बोलायचं नाही वगैरे. कपडे तपासतात, बारीक रेघांचे चालत नाहीत, कॅमेऱ्यात थरथरल्यासारखे दिसतात. माझ्या तीन साड्यांतली एक पास झाली.

दुसऱ्या दिवशी पहाटे बसने गोरेगावच्या फिल्मसिटीत. मोबाईल काढून घेतात. मग तासन् तास बसायचं. सेट टीव्हीवर दिसतो त्यापेक्षा लहान वाटला मला, आणि थंडी, अहो काय थंडी, एसी एवढा की आप्पांनी आत बंडी घातलेली आणि वरून टॉवेल गुंडाळलेला. दहा जणांना मशीनवर सराव देतात. सरावात मी दोनदा पहिली आले. त्यामुळे बाकीचे माझ्याकडे बघायला लागले, आणि माझ्या पोटात तेव्हा जो गोळा आला तो मग गेलाच नाही. स्पर्धक एकमेकांशी फार चांगले वागतात हे मात्र सांगायला हवं, कुणी पिन देतं, कुणी गोळी देतं, सगळ्यांनाच ठाऊक असतं की आज बरेच जण रिकामे परतणार आहेत.

बच्चनसाहेब आले तेव्हा सगळा सेट उभा राहिला. एकोणीस वर्षं ओट्यावर, पलंगावर, चिखलातून वाचवलेल्या टीव्हीवर ऐकलेला आवाज समोरून आला. मी प्रेक्षकांत आप्पांना शोधलं, ते हात जोडून उभे होते, सगळे बसले तरी उभेच.

मला चार वेळा संधी मिळाली. पहिल्यांदा क्रम चुकला, बरोबर माहीत असून बोट शेजारच्या घरावर पडलं. दुसऱ्यांदा बरोबर, ५.८ सेकंद, पण जिंकणाऱ्याचे ४.९. तिसऱ्यांदा प्रश्नच येत नव्हता. चौथ्यांदा बरोबर आणि मी दुसरी. घरी चारच्या आत यायचे, तिथे एकदाही पाचच्या आत आले नाही. पाटावर बोट गरम असतं, तिथे थंडीने आखडलेलं असतं. ह्यापेक्षा वेगळं कारण माझ्याकडे नाही. रडू आलं नाही तेव्हा, दोन दिवसांनी गाडीत कराडच्या आसपास आलं.

ज्यासाठी हे लिहायला बसले ते पुढे आहे.

आमच्यातला एक जण हॉटसीटवर गेला. दुसऱ्या राज्यातला, कुठला ते सांगत नाही. आदल्या रात्री जेवताना त्याने आप्पांशी बराच वेळ गप्पा मारल्या होत्या, त्याच्या डोक्यावर बहिणीच्या लग्नाचं कर्ज होतं. भराभर खेळला. सातव्यापर्यंत तीन लाईफलाईन संपल्या, आठव्याला चौथी. नववा बरोबर, एक लाख साठ हजार. मग दहावा. नदीच्या उगमाचा प्रश्न होता, एवढंच सांगते. प्रश्न स्क्रीनवर आला आणि माझ्या डोळ्यांसमोर आप्पांची नद्यांची वही आली, त्यातलं तिसरं पान, ते गच्चीवर वाळवून वाचलेल्या पानांत होतं. मी दहा फुटांवर बसले होते. चेहरा हलवायचा नाही, ओठ हलवायचे नाहीत, मी हात मांडीखाली दाबून धरले. तो स्वतःशी पुटपुटत होता, हे नाही, हे नाही. उठता आलं असतं त्याला. मी मनात म्हणत होते ऊठ बाबा, एक लाख साठ घे आणि ऊठ. घड्याळ चालू. त्याने उत्तर दिलं, लॉक झालं, आणि ते चूक होतं.

दहा हजार.

टाळ्या वाजतात तेव्हासुद्धा. मी आप्पांकडे बघितलं, त्यांनी मान खाली घातली होती.

रात्री हॉटेलवर परतायच्या बसमधे तो आणि त्याची बायको आमच्या मागच्या सीटवर होते. बसमधे कुणी बोलत नव्हतं. आप्पांनी पिशवीतून आईने दिलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याच्या चटणीचा डबा काढला, गाडीतून आणलेला तसाच होता तो. मागून त्याने हळू आवाजात विचारलं, अंकल, वो नदीवाला आपको आता था क्या?

आप्पा वळले. कंडक्टरकीत शिकलेल्या हिंदीत म्हणाले, नहीं बेटा, हम भी वही बोलते जो तुम बोले. आणि डबा उघडून त्याच्यापुढे धरला.